छडी कोनाले, पाटी कोनाले

‘स’ या अक्षरावर माझा राग आहे. सासर, सावली, सकाळ यांच्याशी माझं भांडण नाही. राग आहे तो नावाच्या शेवटी येऊन बसणाऱ्या सरकारी ‘स’वर. इसमास, अर्जदारास, शिक्षकास. आमच्याकडे घरात असं कोणी बोलत नाही. घरात आम्ही ‘ले’ म्हणतो: मले, तुले, त्याले. शाळेच्या पुस्तकात ‘ला’ असतं. कचेरीच्या कागदावर मात्र ‘स’. एकाच कामाचे तीन कपडे, आणि तिसरा आमच्यापैकी कोणाच्याच मापाचा नव्हता. या ‘स’पायी एक माणूस तुरुंगात गेला. ज्यांच्या सहीने गेला ते माझे वडील होते, आणि ते त्याला वाचवायला निघाले होते.

वडील धानोऱ्याच्या पलीकडे एका जंगलगावात प्राथमिक शिक्षक होते. गावात बौद्धांचं आमचं एकच घर, बाकी सगळी गोंडांची. माझ्या आजोबांना अक्षर येत नव्हतं, पण दीक्षा घेऊन आले त्या दिवसापासून त्यांनी एकच धोशा लावला होता, पोरगा वाचला पाहिजे. पोरगा वाचला. इतका वाचला की पौर्णिमेला धानोऱ्याच्या विहारात मोठ्याने वाचायचं काम आपोआप बाबांकडेच यायचं. आवाज स्वच्छ, शब्द मोजून टाकल्यासारखे. लोक डोळे मिटून ऐकत. आजोबांना त्यातलं निम्मं कळत नसावं, पण ते इतरांकडे बघत बसायचे, कोण ऐकतंय आणि कोण नाही.

शाळेत मात्र बाबा वेगळे होते. तिथली मुलं घरी गोंडी बोलायची. मराठी त्यांना शाळेच्या दारातच भेटायची, आणि तीही पुस्तकातली. त्यांना ‘ने’ आणि ‘ला’ शिकवायला बाबांनी एक खेळ काढला होता. दोन मुलांना पुढे बोलवायचं. एक पाटील, एक कोतवाल. फळ्यावर वाक्य लिहायचं: पाटलाने कोतवालाला बोलावले. मग सगळ्या वर्गाने ओरडायचं, ‘‘कोनं? कोनाले?’’ ज्यानं केलं त्याच्या हातात छडी. ज्याच्यावर झालं त्याच्या डोक्यावर पाटी.

हे सोपं होतं. मग बाबा शब्द फिरवायचे. कोतवालाला पाटलाने बोलावले. फळ्यावर पहिला कोतवाल दिसला की कोतवाल झालेलं पोरगं धावत जाऊन छडी उचलायचं आणि वर्ग फिदीफिदी हसायचा. बाबा त्याच्या हातातून छडी काढून घेत म्हणायचे, ‘‘नाव दिसलं का छडी घेते? थांब ना बाबू. नावाची शेपटी पाह्य.’’

नावाची शेपटी. ‘ने’ची शेपटी असली तर छडी, ‘ला’ची असली तर पाटी. तेव्हा मीही त्याच वर्गात होते आणि शिक्षकाची मुलगी असूनही मी दर वेळी घाईने छडी उचलायची. एकच मुलगा कधी फसायचा नाही. तो दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहायचा, वाक्य शेवटपर्यंत ऐकायचा, आणि मग सावकाश, जणू छडी कुठे पळून जाणार नाही अशा थाटात, ती उचलायचा किंवा पाटी डोक्यावर घ्यायचा. बाबांचा तो लाडका होता. चौथीनंतर त्याची शाळा सुटली, कारण पुढची शाळा धानोऱ्याला होती आणि त्याच्या घरी जनावरं होती. पण पुढे लग्न झालं, दोन पोरं झाली, तरी रस्त्यात बाबा दिसले की तो हात पाठीमागे बांधून उभा राहायचा आणि हसायचा. त्यांचं दोघांचं ते गुपित होतं. जाणारा येणारा बघायचा आणि त्याला काही कळायचं नाही.

मी चंद्रपूरला कॉलेजात असताना बाबांना झटका आला. सकाळचा चहा पिता पिता कप हातातून सुटला आणि तोंडातून शब्द यायचे थांबले. रस्त्यावर त्या वेळी जी पहिली गाडी मिळाली ती जंगलखात्याची जीप. तिच्यातून गडचिरोली, तिथून चंद्रपूरचं सरकारी इस्पितळ. उजवा हात लुळा पडला होता. आई पायथ्याशी बसून होती आणि बाबा छताकडे बघत होते. काही दिवसांनी शब्द आले, पण सुटे सुटे. ‘‘पानी.’’ ‘‘खिडकी.’’ ‘‘बरं हाय.’’ जन्मभर बोलून पोट भरलेल्या माणसाच्या तोंडून असे तुकडे ऐकताना मी बाहेर जाऊन रडायची.

मग एके दिवशी शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा पेपर बाबांच्या हाती लागला. त्यांनी तो डाव्या हाताने उघडला आणि मथळा वाचला. मोठ्याने, सबंध, एकही शब्द न अडखळता. खाली बातमी होती, तीही वाचली. तोच विहारातला आवाज. वॉर्डातली माणसं उठून बसली. आईने पदर तोंडाला लावला. डॉक्टर फेरीला आले तेव्हा आम्ही बाबांना वाचून दाखवायला लावलं. डॉक्टरांनी पेन दाखवलं, बाबा म्हणाले पेन. घड्याळ दाखवलं, घड्याळ. मग पेपरातल्या चार ओळी. डॉक्टर खूश झाले.

‘‘वाचतात ना? मग झालं. मेंदू शाबूत आहे यांचा.’’

हे वाक्य मी पुढे इतक्या वेळा ऐकलं की त्या डॉक्टरांचा चेहरा विसरले, वाक्य विसरले नाही. वाचतात ना? मग झालं. शाळेत परत रुजू करून घेताना तेच म्हटलं गेलं. दुसरे एक तरुण गुरुजी आता शाळेत होते, ते फळा सांभाळायचे आणि बाबा पोरांना धडे वाचून दाखवायचे. धडा संपला की पोरं समजायची ती समजायची. छडी-पाटीचा खेळ मात्र बाबांनी पुन्हा खेळला नाही. मला वाटलं, हात लुळा म्हणून.

आमच्या गावात पेपर एस.टी.ने एक दिवस शिळा होऊन यायचा. दुपारी शाळेच्या ओसरीत बाबा तो मोठ्याने वाचायचे आणि मग चार शब्दांत सांगायचे की काय झालं. लोकांना हवं असायचं ते हेच सांगणं. वाचण्याची मराठी त्यांच्या डोक्यावरून जायची. एकदा पेपरात आलं, वाघाला गावकऱ्यांनी घेरले. बाबांनी वाचलं आणि सांगितलं, ‘‘वाघानं गावाले घेरलं.’’ झालं. मोहाची फुलं वेचायला जाणाऱ्या बाया दुसऱ्या दिवशी घरात बसल्या. आमच्या भागात हे कोणालाही खरंच वाटणार. वाघ ते करतोच. मी सुटीत घरी होते. पेपर हातात घेऊन मी हसले आणि म्हटलं, ‘‘बाबा, उलटं सांगितलं तुम्ही.’’ त्यांनी पेपर परत घेतला, वाक्य पुन्हा वाचलं, अगदी शेपटीसकट, ‘वाघाला’ असंच. आणि माझ्याकडे रागाने बघून म्हणाले, ‘‘हेच तं सांगून राह्यलो मी.’’

आई म्हणाली, त्यांना त्रास देऊ नको. मीही सोडून दिलं. पण पुढचे काही दिवस माझ्या लक्षात येत गेलं. आंबा पोराने खाल्ला, हे बाबांना बरोबर कळायचं. आंबा काही पोराला खात नाही. पण मंत्र्याला शिष्टमंडळाने निवेदन दिले, हे वाचून ते म्हणाले, ‘‘मंत्र्यानं निवेदन देल्लं.’’ ओसरीवर हशा पिकला, मंत्री कुठला निवेदन देतो! बाबाही हसले, का ते न कळताच. जिथे दोघांपैकी कोणीही छडी उचलू शकत होता, तिथे बाबा पहिल्या नावाच्या हातात छडी देत होते. लहानपणी मी द्यायची तशी.

पुढचं सगळं मी कॉलेजला परत गेल्यावर घडलं. आईने सांगितलं ते असं.

बाबांचा तो जुना विद्यार्थी, आता बाप्या झालेला, नांगराला लागणारं एक लाकूड खांद्यावर घेऊन शाळेपुढून चालला होता. समोरून नाकेदार आला. नाकेदार म्हणजे जंगलखात्याचा गार्ड, आमच्याकडचा खरा राजा. लाकूड कुठलं, कोणाला विचारून तोडलं, यावरून सुरू झालं. या माणसाने लाकूड खाली ठेवलं आणि हात पाठीमागे बांधून उभा राहिला. त्याची ती सवयच होती. नाकेदाराला त्यात माज दिसला असावा. त्याने हातातल्या काठीने मारायला सुरुवात केली. हात सोडवून तोंडापुढे धरेपर्यंत कोपराचं हाड गेलं होतं. तो मागे सरकताना लाकडाला अडखळला, नाकेदारही त्याच्या अंगावर धडपडला आणि नाकेदाराच्या कपाळाला खोक पडली. बाबा ओसरीत उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं आणि लुळा हात हलवत ओरडले, ‘‘नको! नको!’’ त्यांना तेवढंच ओरडता आलं.

नाकेदाराच्या कपाळाच्या त्या खोकेवर केस उभी राहिली. सरकारी नोकरावर कामावर असताना हल्ला. गावातल्या गोंडांनी काय पाहिलं हे विचारायला कोणी आलं नाही. ते त्याच्याच बाजूने बोलणार असं धरून चाललेलं होतं. पण बाबा सरकारी नोकर, शिक्षक, आणि वर गोंड नव्हेत. असा साक्षीदार सोन्यासारखा. नाकेदाराचा साहेब जबाब घ्यायला शाळेत आला. आईने चहा केला. ओसरीत निम्मं गाव उभं होतं, त्या माणसाचा बापही होता. बाबांनी सुट्या शब्दांत सांगितलं, काठी, नाकेदार, मार, पोरगा. साहेबाने मान डोलावली आणि आपल्या भाषेत लिहून काढलं. मग कागद बाबांच्या हातात दिला, ‘‘गुरुजी, वाचून घ्या. उगाच कोणी म्हणायला नको, न वाचता सही घेतली.’’

बाबांनी तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. त्यात एक वाक्य होतं: कर्तव्यावर असलेल्या नाकेदारास सदर इसमाने काठीने मारहाण केली.

ओसरीत ऐकणाऱ्या एकालाही ते उलगडलं नाही. गोंडी घरातल्यांना ‘ला’सुद्धा शाळेत कष्टाने कळलेला, तिथे ‘स’ कोण ओळखणार? तरुण गुरुजी त्या दिवशी धानोऱ्याला गेलेले. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिच्या कानाला नाकेदार ऐकू आला, काठी ऐकू आली, मारहाण ऐकू आली. त्याच्या बापाच्याही कानाला तेच आलं असणार, आणि वर गुरुजींनी वाचलं होतं, म्हणजे बरोबरच. बाबांनी पाहिलं होतं की नाकेदाराने मारलं. कागदात पहिला नाकेदार होता आणि शेवटी मारलं होतं. मधली शेपटी त्यांच्या हातून निसटून गेली. त्यांनी समाधानाने मान हलवली आणि डाव्या हाताने सही केली. सही करून त्या पोराच्या बापाच्या खांद्यावर हातही ठेवला.

साहेब खोटं लिहीत होता, हे मुद्दाम होतं, त्यात मला काडीची शंका नाही. पण शब्दांचा क्रम मुद्दाम होता असं मला वाटत नाही. कचेरीत असंच लिहितात, मार खाणारा आधी, मारणारा नंतर. बाबांना वाक्य उलटं कळतं हे त्याला माहीत नव्हतं. तो समजत होता की गुरुजी घाबरून सही करतायत. त्याने फसवलंही नाही धड. त्याच्या रोजच्या सवयीनेच काम झालं, आणि त्यामुळेच माझा राग कुठे ठेवावा हे मला कधी कळलं नाही.

गडचिरोलीच्या कोर्टात मी हजर होते. बाबांना धुतलेलं धोतर नेसवलं होतं, टोपी घातली होती. बाजूला तो माणूस उभा होता, वाकडा बसलेला हात छातीशी धरून. बाबांना बघून तो हसला. बाबाही हसले. त्याला वाटत होतं, गुरुजी आले, आता सगळं नीट होईल. बाबांना वाटत होतं, आपण नीट करायलाच आलो आहोत.

आरोपीच्या वकिलाने विचारलं, कोणी मारलं? बाबा म्हणाले, ‘‘नाकेदार. काठी. मारलं.’’ इथे मी श्वास सोडला. मग सरकारी वकील उठले. त्यांनी कागद दाखवला. ही सही तुमची? माझी. वाचून केली? वाचून. आत्ता कोर्टाला वाचून दाखवाल?

बाबांनी कागद घेतला. चष्मा सारखा केला. आणि वाचलं. काय वाचलं! कोर्टात पंखे होते, बाहेर एस.टी. स्टँडचा गोंगाट होता, त्या सगळ्यातून प्रत्येक शब्द शेवटच्या बाकापर्यंत गेला. नाकेदारास, सदर, इसमाने, काठीने. न्यायाधीश साहेबांनी लिहिता लिहिता मान वर केली. कारकून ऐकत राहिला. मी जागेवरून उठले, पण उठून करणार काय होते?

‘‘हे खरं आहे?’’ वकिलांनी विचारलं.

‘‘खरं हाय.’’

‘‘यात लिहिलंय तसंच झालं?’’

‘‘तसंच.’’

‘‘मग आत्ता कोर्टासमोर उलटं का सांगितलंत?’’

बाबांनी गोंधळून माझ्याकडे बघितलं. ‘‘उलटं नाई,’’ ते म्हणाले. ‘‘तेच.’’

आरोपीचा वकील माझ्याकडून दोन गोष्टी ऐकून गेला होता. त्याने उठून सांगायचा प्रयत्न केला की साक्षीदार आजारी आहेत, त्यांना वाक्य उलटं कळतं. सरकारी वकील हसले. इतकं शुद्ध वाचणाऱ्या माणसाला कळत नाही? वाचतात ना? शिक्षक आहेत ते. न्यायाधीशही किंचित हसले. मला तिथे ओरडावंसं वाटलं की हो, वाचतात, पोपटही बोलतो! पण माझ्या बापाला पोपट म्हणायला माझी जीभ वळली नाही, आणि कोर्टात ओरडायची रीतही नव्हती.

त्याला सक्तमजुरी झाली. पिंजऱ्यातून नेताना त्याने बाबांकडे पाहिलं. या वेळी तो हसला नाही आणि त्याचे हात पाठीमागे बांधलेले नव्हते, दोरीने पुढे बांधलेले होते.

गावात मग जे व्हायचं ते झालं. गुरुजी जंगलखात्याला विकले गेले, असं बोललं जाऊ लागलं. आईच्या सुपात कोणी मोह टाकेना, विहिरीवर तिच्याशी कोणी बोलेना. पोरं शाळेत येईनाशी झाली. बाबा ओसरीत पेपर वाचायचे आणि ऐकायला कुत्रं नसायचं. ते मला विचारायचे, ‘‘काऊन?’’ बोट रिकाम्या ओसरीकडे. ‘‘काऊन?’’ मी काही सांगितलं नाही. आईने बजावलं होतं, सांगू नको, आणि मला तिचं पटलं होतं. आजारी माणसाला एवढं ओझं कशासाठी द्यायचं? आजही मला ते पटतं.

मी त्यांना नागपूरला मोठ्या इस्पितळात नेलं. तिथे एक तरुण डॉक्टर भेटले. त्यांनी पेन-घड्याळ दाखवलं नाही. त्यांनी दोन चित्रं ठेवली, एकात कुत्रा मांजराला चावतोय, एकात मांजर कुत्र्याला. आणि कागदावर लिहिलं, कुत्र्याला मांजर चावलं. बाबांनी मोठ्याने वाचलं आणि कुत्रा चावतोय त्या चित्रावर बोट ठेवलं. डॉक्टरांचे डोळे चमकले. त्यांनी आणखी वाक्यं लिहिली. ज्यात करणारा पहिला, ती सगळी बरोबर. ज्यात तो दुसरा, ती सगळी चूक.

त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि चांगलं सांगितलं. आपण वाचताना वाक्य संपेपर्यंत थांबत नाही. पहिला शब्द दिसला की मेंदू अंदाज बांधून मोकळा होतो, हाच करणारा. पुढे शेपटी दिसते, अंदाज चुकला हे कळतं, आणि मेंदू तो मोडून नवा बांधतो. आपल्या भाषेत तर क्रियापद सगळ्यात शेवटी, तोवर दोघांना हातात धरून ठेवावं लागतं. हे इतक्या झटक्यात होतं की आपल्याला पत्ता लागत नाही. शब्द ओळखणं, ते उच्चारणं, हे वेगळं काम. शब्दांना एकमेकांशी बांधणं हे वेगळं. ‘‘तुमच्या वडिलांचा अंदाज बांधला जातो,’’ डॉक्टर म्हणाले, ‘‘मोडला जात नाही.’’

मी तिथे बसून ऐकत होते आणि मला फक्त फळा दिसत होता. थांब ना बाबू, नावाची शेपटी पाह्य. जे जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना शिकवलं, तेवढंच नेमकं यांच्या डोक्यातून जावं? डॉक्टर मग म्हणाले, जरा थांबा, आणि विद्यार्थ्यांचा घोळका घेऊन आले. बाबांना पुन्हा कुत्रा-मांजर वाचायला लावलं. पोरं वह्यांत लिहून घेत होती. बाबांना वाटलं, वर्ग आहे. त्यांनी आणखीच खणखणीत आवाजात वाचलं.

डॉक्टरांचा कागद घेऊन मी वकिलाकडे गेले. तो इंग्रजीत होता. वकिलाने वाचला आणि टेबलावर ठेवला. ‘‘बाई, याचा उपयोग असा की तुमचे वडील साक्षीला लायक नाहीत असं ठरेल. मग नाकेदारानं मारलं हे त्यांनी कोर्टात सांगितलं, तेही जाईल. उरेल तो नाकेदाराचा शब्द. वर त्यांची नोकरी जाईल. कागद कोर्टात लावू म्हणता?’’ मी कागद परत घेतला. म्हणजे बाबा शाबूत, तर जबाब खरा. बाबा आजारी, तर तोंडी सांगितलेलंही खोटं. कसंही वाचा, तो माणूस आतच. व्याकरणात असं एक वाक्य मला तोवर भेटलं नव्हतं.

तो सुटून आला तेव्हा मी घरी होते. दुपार होती. तो आमच्या अंगणात येऊन उभा राहिला. वाळला होता, कोपर वाकडं राहिलं होतं. आई घाबरून दारातच थांबली. बाबांना केवढा आनंद! खाट ओढायला लागले एका हाताने, ‘‘बस. बस. चहा.’’ तो खाटेवर बसला नाही.

‘‘जोहार, गुरुजी,’’ तो म्हणाला. ‘‘एक गोष्ट विचाराले आलो.’’

कुंपणाची एक काडी त्याने उपसली. ओट्यावर शाळेची एक फुटकी पाटी पडून होती, ती घेतली. काडी बाबांसमोर जमिनीवर ठेवली.

‘‘त्या दिवशी शाळेपुढं. छडी कोनाच्या हाती होती?’’

बाबांचा चेहरा उजळला. खेळ! ‘‘नाकेदाराच्या.’’

‘‘पाटी कोनाच्या डोक्स्यावर?’’

‘‘तुह्या.’’

‘‘हां.’’ त्याने पाटी स्वतःच्या डोक्यावर धरली. ‘‘आन् कागदात?’’

‘‘कागदात बी तसंच,’’ बाबा म्हणाले. ‘‘म्या वाचलं.’’

मी पुढे झाले. मी त्याला म्हणाले, ‘‘भाऊ, राहू द्या. ते आजारी आहेत.’’ त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. आवाज चढवला नाही. त्याने पाटी डोक्यावरून काढली आणि समोरच्या रिकाम्या जागेवर ठेवली, जिथे नाकेदार उभा असावा. मग वाकून काडी उचलली आणि स्वतःच्या त्या वाकड्या हातात धरली.

‘‘कागदात असं होतं, गुरुजी.’’

त्यात वाक्य नव्हतं. ‘ने’ नव्हता, ‘स’ नव्हता, आधी-नंतर काही नव्हतं. एक माणूस, एक छडी, समोर एक पाटी. बाबा बघत राहिले. त्याच्या हाताकडे, पाटीकडे, पुन्हा हाताकडे. त्यांच्या तोंडावरचं हसू जागच्या जागी राहिलं आणि मग गेलं. मला ते थांबवता आलं नाही. आई दारात बसली.

‘‘म्या वाचलं,’’ बाबा म्हणाले. आणि थोड्या वेळाने पुन्हा, पण आता विचारल्यासारखं, ‘‘म्या वाचलं?’’

‘‘हो गुरुजी,’’ तो म्हणाला. ‘‘तुमीच वाचलं.’’

त्याने काडी कुंपणात परत खोचली आणि निघून गेला. चुलीवर आधीच ठेवलेला चहा आटून गेला.

दुसऱ्या दिवशी एस.टी.ने पेपर आला. बाबांनी तो घेतला, उघडला नाही, घडी तशीच ठेवून उशीखाली सारला. पुढच्या दिवशीही तसंच. विहारातून पौर्णिमेचं बोलावणं आलं, त्याला ते गेले नाहीत. शाळेत हजेरी लावून ते भिंतीकडे तोंड करून बसायचे. एका दुपारी कोणी परगावचा वाटसरू ओसरीत टेकला आणि बाबांच्या हातातली घडी बघून म्हणाला, ‘‘काय गुरुजी, काय लिहिलं हाय आज?’’

बाबांनी पेपर त्याच्यापुढे धरला.

‘‘मले वाचता येत नाई,’’ ते म्हणाले.